मसाला चहाचे बार घरी भाजायचे: गावातल्या सामानात, गावातल्या विजेवर

कापूसवाली, समुद्रपूर तालुका · शनिवार, रात्री ९:१०

मसाला चहाच्या चवीचे बार, म्हणजे ब्राउनीसारख्या भाजलेल्या वड्या, घरी कसे करायचे यावर इथे सविस्तर काही सापडलं नाही, म्हणून हा धागा काढते आहे. बाहेरच्या कृती पुष्कळ आहेत. पण त्यांना ब्राउन शुगर लागते, बाटलीतला चहाचा अर्क लागतो आणि वीज दिवसभर एकसारखी लागते. आमच्या गावच्या दुकानात मैदा, बेकिंग पावडर आणि मिठाचं बटर मिळतं. बटर पेपरसाठी हिंगणघाट गाठावं लागतं. बाकी सगळं घरचं. एवढ्या सामानात उत्तम बार होतात, हे मी खात्रीने सांगते.

आधी चहाचं बोलू, कारण सगळी गोम तिथे आहे. बहुतेक कृतींत कडक चहा उकळून पिठात ओततात. बारच्या पिठात पाण्याला फार जागाच नसते. चव येईल इतका चहा ओतला तर बारचा केक होतो, आणि बेताने ओतला तर नुसती कलमी (दालचिनी) आणि विलायची लागते, चहा लागतच नाही. शिवाय पाण्यात पत्ती उकळली की तुरटपणाही उतरतो. चहाचा वास मात्र बटरात, तुपात छान उतरतो, आणि तुरटपणा तिथे फारसा येत नाही. म्हणून पत्ती बटरात मुरवायची.

माझं प्रमाण २० सेंटिमीटरच्या चौकोनी टिनाचं आहे.

१३० ग्रॅम बटर अगदी मंद आचेवर वितळवा. त्यात दीड मोठा चमचा साधी दाणेदार चायपत्ती घाला, म्हणजे आपली रोजचीच, सीटीसी. चार-पाच मिनिटं आच इतकी कमी ठेवा की बारीक बुडबुडे येतील पण पत्ती करपणार नाही. मग झाकून अर्धा तास ठेवून द्या. बटर कोमट असतानाच पातळ कापडातून गाळा आणि पिळून घ्या. पत्ती थोडं बटर धरून ठेवते. हाती ११०-११५ ग्रॅम येतं, तेवढंच हवं असतं.

दुसरीकडे अर्धा कप दुधात अर्धा चमचा पत्ती घालून ते निम्म्याच्या खाली आटवा. गाळून तीन मोठे चमचे दाट दूध मिळालं पाहिजे. हे पूर्ण थंड करा. गरम दुधात गूळ घातला तर ते फाटण्याची भीती असते. थंड झाल्यावर त्यात १५० ग्रॅम बारीक चिरलेला गूळ आणि ५० ग्रॅम साखर कालवा, मग गाळलेलं बटर, मग एक अंडं. गूळ तुपाबटरात विरघळत नाही, त्याला ओलावा लागतो. तो ओलावा साध्या पाण्याऐवजी चहाच्या दुधातून द्यायचा.

कोरडं सामान: १०० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम कणीक, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर खायचा सोडा. मिठाचं बटर असेल तर वेगळं मीठ नको. मसाला: दीड छोटा चमचा सुंठ, एक छोटा चमचा ताजी कुटलेली विलायची, अर्धा कलमी, पाव चमचा मिरे, पाव चमच्याहून कमी लवंग, थोडं जायफळ. चहात घालतो त्याच्या दुप्पट वाटेल, पण भाजताना वास उडतो आणि गूळही बराच वास दाबतो. लवंगेच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवा, ती बाकी सगळ्यांवर चढते.

हे सगळं ओल्यात घालून फक्त कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत सराट्याने हलवा. फेटू नका. १७० अंशांवर २२ ते २८ मिनिटं. कडांनी टिन सोडला, वरचा भाग चमकदार दिसला आणि मधे काडी घातल्यावर ओलसर चुरा चिकटून आला की काढा. काडी कोरडी निघेपर्यंत थांबलात तर बार गेला. टिनातच पूर्ण गार होऊ द्या आणि मग कापा. गरम असताना आतला भाग सैल असतो, गार होताना घट्ट होतो.

आता तुमचं सांगा. कढईत कोण भाजतं? बिनअंड्याचे कोणी करतं का?

---

नवी सून, आर्वी · शनिवार, रात्री ९:४८

ताई, फार छान लिहिलंत. आमच्या घरी अंडं चालत नाही. दही घालून केलं तर चालेल का? आणि अद्रक घरचं ताजं आहे, सुंठीऐवजी किसून घातलं तर?

---

कापूसवाली, समुद्रपूर तालुका · शनिवार, रात्री १०:१५

दही चालतं, पण बार केकसारखा मऊ होतो आणि चिवट कडा मिळत नाहीत. त्यापेक्षा जवस घ्या. एक मोठा चमचा जवस बारीक दळून तीन मोठे चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा. त्याचा चिकट गोळा होतो, तो एका अंड्याच्या जागी. चटणीसाठी भाजून ठेवलेली जवस नको, कच्ची घ्या, तिचा चिक चांगला सुटतो. चवीला जवस थोडी खमंग लागते आणि गुळाबरोबर ती शोभते. मला स्वतःला जवसाचे बार अंड्याच्या बारांपेक्षा जास्त आवडतात.

ताजं अद्रक थेट दुधात घालू नका. कच्च्या अद्रकात दूध फाडणारा घटक असतो. तो उकळल्यावर निकामी होतो, म्हणून चहा करताना आपण आधी पाण्यात अद्रक उकळतो आणि मग दूध घालतो. बारात ताजं हवंच असेल तर किसून बटरात पत्तीसोबत परता आणि गाळून टाका. पण सुंठीचा तिखटपणा वेगळा असतो, जिभेवर उशिरा येतो आणि बराच वेळ राहतो. भाजण्यासाठी मी सुंठच घेईन.

---

जुना गडी, दारव्हा · शनिवार, रात्री १०:५०

पोरी, कढईत भाजाचं असन तं माह्यं आयक. आमच्या इकडं रोडगे गवऱ्यांच्या आरात भाजतेत. थ्याले वरून-खालून दोहीकून आच भेटते, म्हनून थे आतपावेतो शिजते अन् वरून खरपूस होते. कढईत आच फकस्त खालूनच. म्हनून लोकायचे केक खालून करपते अन् वरून पांढरे राह्यते.

कढई जाड पाह्यजे. बुडाशी बोटभर वाळू टाकाची, चाळलेली, कोरडी. वाळूवर कुकरची जाळी, जाळीवर टिन. झाकन जड पाह्यजे. आधी पंधरा मिनिटं कढई रिकामीच तापू द्याची, मंग टिन ठेवाचा अन् गॅस बारीक कराचा. शेवटच्या दहा-बारा मिनिटात झाकनावर चुलीतले निखारे पसरवाचे. वरतून लाली येते. निखारे राखेत झाकलेले घ्याचे, फुललेले घेतले तं एका जागी जयते.

माही माय सनावाराले पितळेच्या गंजात, म्हंजे पातेल्यात, असंच करे, खाली आर अन् झाकनावर आर. तवा कोनाकडं ओव्हन होतं?

---

नवी सून, आर्वी · शनिवार, रात्री ११:०५

काका, निखाऱ्यांचं फारच उपयोगी सांगितलंत. आमच्याकडे चूल अजून पेटते, पाणी तापवायला. वाळूऐवजी मीठ चालेल का? आणि किती वेळ लागेल?

---

जुना गडी, दारव्हा · रविवार, सकाळी ६:२०

मीठ चालते. पन थे मीठ मंग खायाले घ्याचं नाही, बरनीत अलग ठेवाचं, पुढच्या टायमाले तेच. पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं लागते. घडी घडी झाकन उघडाचं नाही. येक डाव उघडलं का पाच मिनिटं वाढले समज.

---

भौतिक मास्तर, मेहकर · रविवार, सकाळी ८:३०

ओव्हनवाल्यांसाठी विजेचा मुद्दा मांडतो, कारण कृतीतला वेळ आणि आपल्याकडचा वेळ जुळत नाही आणि दोष मात्र पिठाला दिला जातो.

ओव्हनची कॉइल २३० व्होल्टला धरून बनवलेली असते. व्होल्टेज पडलं की उष्णता त्याच प्रमाणात पडत नाही, वर्गाच्या प्रमाणात पडते. १८० व्होल्ट आले तर १८० भागिले २३०, म्हणजे ०.७८, आणि त्याचा वर्ग ०.६१. मग १४०० वॅटचा ओव्हन साडेआठशे वॅटचाच राहतो. रब्बीत शेतावरचे पंप सुरू झाले की आमच्याकडे दिवे पिवळे पडतात, तेव्हा हेच चाललेलं असतं.

थर्मोस्टॅट असलेला ओव्हन शेवटी १७० अंशांवर पोचतो, पण फार उशिरा. दहा मिनिटांत तापेल असं गृहीत धरून टिन आत सरकवला की तो शंभर-सव्वाशे अंशांत बसतो. बटर आधी वितळून सुटतं, पीठ नंतर धरतं, आणि तळाशी तुपकट थर येतो. उपाय साधा आहे. ओव्हनचा दिवा, म्हणजे कॉइल चालू असल्याची खूण, एकदा विझून परत लागेपर्यंत टिन ठेवू नका. घड्याळ पाहू नका, दिवा पाहा. शक्य असेल तर ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तबकडीचा तापमापक घ्या. फार महाग नसतो.

आणि भाजत असताना वीज गेली तर दार उघडू नका. बार पातळ असतो, त्यामुळे आत साठलेल्या उष्णतेवर बरंच काम होतं. अर्ध्या तासात वीज आली नाही तर टिन सरळ काकांच्या कढईत हलवा.

---

कापूसवाली, समुद्रपूर तालुका · रविवार, सकाळी ९:०५

मास्तर, हा हिशेब फार मोलाचा आहे. माझ्या मैत्रिणीच्या बाराखाली तुपाचा थर का येतो याचं उत्तर मिळालं. ती संध्याकाळी सातला भाजते. मी पहाटे भाजते कारण तेव्हा घरात शांतता असते, त्याचा हाही फायदा असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

---

संत्रीबाग, मोर्शी · रविवार, दुपारी १:१५

आमच्या भागातून एक भर. या बारात संत्र्याची साल घाला. चहा, सुंठ आणि संत्रं ही जोडी इतकी जमते की मी आता सालीशिवाय करतच नाही.

पण आपलं नागपुरी संत्रं सैल सालीचं. परदेशी कृतीत सांगतात तसं अख्खं फळ किसणीवर घासलं तर साल आत दबते आणि पांढरा भागही किसला जातो. तो कडू असतो. त्यापेक्षा फळ सोला, सालीची आतली पांढरी बाजू चमच्याने खरवडून टाका, साली सावलीत कडक वाळवा आणि मिक्सरमधून बारीक करा. उन्हात वाळवल्या तर रंग आणि वास दोन्ही जातं. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या पुढे येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन्ही वेळी बरणी भरून ठेवली की वर्ष निघतं. एका टिनाला दीड छोटा चमचा पूड पुरते. ती कोरड्या पिठात न घालता आधी साखरेत घालून बोटांनी चोळा, मग सालीतलं तेल साखरेला लागतं.

शक्यतो ओळखीच्या बागेतली फळं घ्या, जिथे तोडणीच्या तोंडावर फवारणी झालेली नाही. आपण गर खातो तेव्हा सालीचा विचार करत नाही, इथे सालच खायची आहे.

---

पळसबन, सिंदेवाही · रविवार, दुपारी ३:४०

आमचा भाग जंगलाचा, म्हणून दोन वस्तू सुचवते. पहिली चारोळी. बारावर भाजण्याआधी मूठभर पसरा. बाहेरच्या कृतीत पिकान घालतात, अक्रोड घालतात, ते इथे मिळालं तरी महाग आणि बऱ्याचदा खवट निघतं. चारोळी आमच्या आठवडी बाजारात ताजी येते. ती वरच ठेवा, पिठात कालवू नका. वर राहिली तर भाजून निघते, आत गेली तर मऊ पडते.

दुसरी मोहफुलं. वाळलेल्या मोहफुलांतली आतली केसरं काढायची, दोन-तीन पाण्यांतून धुवायची आणि भिजवून वाटायची. हा लगदा ५० ग्रॅम साखरेच्या जागी घालते. सगळा गूळ काढून मोहफुलंच घातली तर वास फार उग्र होतो आणि चहा हरवतो. लगद्यात पाणी असतं, म्हणून चहाचं दूध तीनऐवजी एकच चमचा.

मोहफुलांचे लाडू आमच्याकडे पूर्वापार होतात. लोकांना मोह म्हटलं की फक्त दारू आठवते, याचं मला वाईट वाटतं. घरात खाण्यासाठी हे फूल किती कामाचं आहे ते अशा नव्या पदार्थांतून पोचावं असं मनापासून वाटतं.

---

कापूसवाली, समुद्रपूर तालुका · रविवार, सायंकाळी ५:००

ताई, मोहफुलांचं मी नक्की करून पाहीन. गूळ आणि मोह दोन्ही ओलावा ओढून घेतात, म्हणून पावसाळ्यात हे बार लवकर चिकट होतील असं वाटतं. तुमचा अनुभव काय?

---

पळसबन, सिंदेवाही · रविवार, सायंकाळी ६:१०

होतात. आम्ही मोहाचे हिवाळ्यातच करतो. पावसाळ्यात नुसते गुळाचे बारही स्टीलच्या डब्यात दोन दिवसांवर ठेवत नाही. थंडीत चार-पाच दिवस आरामात टिकतात, आणि दुसऱ्या दिवशी मसाला जास्त लागतो.

---

सावजीप्रेमी, उमरेड · रविवार, रात्री ८:२५

एवढा खटाटोप कशाला? बाजारात चहा मसाल्याची पाकिटं मिळतात. दोन चमचे टाका, झालं. तेच मसाले असतात.

---

कापूसवाली, समुद्रपूर तालुका · रविवार, रात्री ९:००

दादा, पाकीट वापरायला हरकत नाही, पण दोन गोष्टी पाहा. एक, पाकिटातला मसाला कपभर चहात चिमूटभर घालायचा म्हणून जुळवलेला असतो. त्यात सुंठ आणि मिरे भरपूर, कारण त्यांनी चहा कडक लागतो. विलायची महाग, म्हणून ती कमी. बारात दोन चमचे घातले तर तिखट लागेल आणि सुगंध मागे राहील. पाकीट एक चमचा घ्या आणि ताजी विलायची वरून कुटून घाला. विलायचीचं तेल फार चटकन उडतं, दाणे सालीतून काढल्याबरोबर कुटले तरच खरा वास मिळतो.

दुसरं म्हणजे मसाला कोरड्या पिठात टाकण्याआधी तो गाळलेल्या गरम बटरात अर्धा मिनिट सोडून पाहा. फोडणीत आपण तेच करतो. तेवढ्याने वासात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सावजी रस्सा करणाऱ्याला हे मी सांगायला नको.

---

सावजीप्रेमी, उमरेड · रविवार, रात्री ९:२०

हे पटलं. मसाला तेलात फुलल्याशिवाय बोलत नाही. पुढच्या रविवारी करतो. घरचं लोणी आहे, बटर नाही. तेवढंच घ्यायचं का?

---

कापूसवाली, समुद्रपूर तालुका · रविवार, रात्री ९:४५

घरच्या लोण्यात पाणी किती राहिलंय याचा अंदाज येत नाही, त्यामुळे त्याचं तूप कढवून घेतलेलं बरं. दुकानातल्या बटरात ८० टक्के स्निग्ध असतं आणि उरलेल्यात बहुतेक पाणी. तूप म्हणजे जवळजवळ शुद्ध स्निग्ध. म्हणून १३० ग्रॅम बटराच्या जागी १०५ ग्रॅम तूप घ्या आणि दूध एक मोठा चमचा वाढवा. मीठ चिमूटभर आठवणीने घाला, ते नसलं तर गुळाची गोडी सपाट लागते.

तूप कढवताना बेरी लालसर होऊ द्या आणि ती फेकू नका, बाजूला काढून ठेवा, बारात जाऊ द्या. चहाची पत्ती बेरीतून वेगळी काढता येत नाही, म्हणून आधी पत्ती मुरवून गाळायची आणि बेरी नंतर मिसळायची. तुपातला बार बटरातल्यापेक्षा खुसखुशीत होतो, चिवटपणा कमी. वर्ध्याचा गोरसपाक, म्हणजे गायीच्या तुपातलं बिस्किट, ज्यांनी खाल्लाय त्यांना गायीच्या तुपात भाजलेल्या पिठाचा वास काय असतो ते ठाऊक आहे. त्या वासावर चहा फार सुंदर बसतो.

---

दोन पोरांची आई, राळेगाव · सोमवार, सकाळी ७:१५

मुलांना डब्यात दिले तर चालतील का? चहा असतो म्हणून विचारते. मी मुलांना चहा देत नाही.

---

भौतिक मास्तर, मेहकर · सोमवार, सकाळी ७:५०

कापूसवालीताईंच्या प्रमाणात पत्ती सगळी मिळून दहा ग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे चार कप चहाची. टिनाचे सोळा तुकडे केले तर एका तुकड्याला पाव कप. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण कॅफिन पाण्यात सहज उतरतं, तुपाबटरात फारसं उतरत नाही, आणि पत्ती आपण गाळून टाकतो. लहानांसाठी दुधात पत्ती न घालता नुसती विलायची-सुंठ उकळा, म्हणजे आणखी कमी होईल. पण चहा अजिबात द्यायचा नसेल तर पत्ती वगळून मसाल्याचे बार करा. पदार्थ वेगळा होतो, वाईट होत नाही.

---

बचत गटातली, समुद्रपूर · सोमवार, दुपारी १२:३०

आमच्या गटाला हे विकायचं मनात आहे. तालुक्याच्या बाजारात बिस्किटं, शेव, पापड सगळेच विकतात, हा पदार्थ कोणाकडेच नाही. काय काळजी घ्यावी?

---

कापूसवाली, समुद्रपूर तालुका · सोमवार, दुपारी १:२०

ताई, विकायचं म्हटलं की अन्नसुरक्षेची नोंदणी आधी. वेष्टनावर घटक, वजन, तयार केल्याची तारीख आणि कधीपर्यंत खावं ते लिहा. अंडं घातलं असेल तर हिरवा ठिपका चालत नाही, मांसाहाराची तपकिरी त्रिकोणाची खूण लावावी लागते. त्यापेक्षा जवसाचेच करा, आपल्या बाजारात खपही तेच होतील.

गुंडाळायला वर्तमानपत्र वापरू नका. शाई तुपात उतरते आणि ती पोटात जाते. बटर पेपरचे तुकडे करून घ्या. आणि विक्रीच्या बारावर साखरेचा लेप नको. घरी खायला पिठीसाखरेत कडक चहाचे थेंब घालून वर ओतलेला लेप फार छान लागतो, पण बाजारात दुपारी तो वितळून कागदाला चिकटतो. एप्रिल-मे तर सोडूनच द्या. पारा ४५ च्या पुढे गेल्यावर बारातलं बटरही सुटतं, आणि त्या उन्हात ओव्हनजवळ उभं राहण्यात अर्थ नाही. दसऱ्यापासून होळीपर्यंतचा हंगाम धरा.

बेकिंग पावडर मोठी आणू नका. गावातल्या दुकानात डबा कधीचा पडलाय कळत नाही. विकत घेतल्यावर चमचाभर गरम पाण्यात टाकून पाहा. जोरात फसफसली तर चांगली, गुपचूप बसली तर परत करा. सोड्यावर लिंबू पिळून तसंच पाहायचं.

---

नवी सून, आर्वी · सोमवार, रात्री ९:३०

आज कढईत केले! जवस, तूप, सुंठ, सगळं सांगितल्याप्रमाणे. काकांनी सांगितलं तसे शेवटी झाकणावर निखारे ठेवले. वर सुरेख लाली आली. सासूबाईंनी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, चहाबरोबर खायला द्यायचं का चहाऐवजी? सासऱ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

एकच विचारायचं आहे. माझा टिन गोल आहे, मधला भाग कडांपेक्षा बराच ओला राहिला.

---

कापूसवाली, समुद्रपूर तालुका · सोमवार, रात्री ९:५५

किती आनंद झाला वाचून! गोल टिन केवढा आहे? २० चौकोनीचं क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर. गोल टिन त्याच्याएवढा व्हायला २२-२३ सेंटिमीटर व्यास लागतो. २० व्यासाच्या टिनात तेवढंच पीठ घातलं तर थर चांगला पाव पटीने जाड होतो आणि मध्य मागे राहतो. पाऊण प्रमाण घ्या.

आणि पीठ ओतल्यावर सराट्याने मधे हलका खळगा करा, कडेला किंचित जास्त. भाजताना ते सारखं होतं.

---

नवी सून, आर्वी · सोमवार, रात्री १०:०२

मोजला, १९ आहे. म्हणजे तेच. पुढच्या वेळी पाऊण प्रमाण.

---

जुना गडी, दारव्हा · मंगळवार, सकाळी ६:०५

सूनबाई, लाली आली हे आयकून बरं वाटलं. आता येक माह्यं इचारनं हाये. घरी ज्वारी भरून हाये, मैदा आमी आनत नाही. ज्वारीचं पीठ घातलं तं होईन का?

---

कापूसवाली, समुद्रपूर तालुका · मंगळवार, सकाळी ६:४०

काका, होईल, पण सगळी ज्वारी नको. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, नुसत्या ज्वारीचा बार कापताना भुगा होतो. ९० ग्रॅम कणीक बारीक चाळून घ्या, ५० ग्रॅम ज्वारी, आणि जवस एकाऐवजी दीड चमचा. ज्वारीचं पीठ ताजं दळलेलं हवं, जुनं झालं की कडवट लागतं. कणीक आणि ज्वारी दोन्ही पाणी जास्त पितात, म्हणून दूध दोन चमचे वाढवा आणि कालवलेलं पीठ वीस मिनिटं झाकून ठेवा, मगच टिनात ओता. ज्वारीचा कण भिजला नाही तर दाताखाली कचकच लागते.

---

जुना गडी, दारव्हा · मंगळवार, सकाळी ६:५५

बरं. आज दळून आनतो. नातू शनवारी येनार हाये, तवा आरावर ठेवतो.